आठ संघ, चौदा सामने आणि पहाटेचे साडेपाच

मी बडोद्याची. घरात मराठी, गल्लीत गुजराती, आणि मैदानावर जी येईल ती. दिवसा एका खासगी कंपनीत हिशेब बघते आणि संध्याकाळी आमच्या भागातल्या मुलामुलींना बास्केटबॉल शिकवते. त्याचे पैसे मिळत नाहीत, चेंडू मात्र स्वतःच्या खर्चाने आणते.

आयोजकांनी मला विचारलं, कशावर बोलाल? मी म्हटलं, आयव्ही लीगच्या येत्या मोसमावर. फोनवर थोडा वेळ शांतता. मग विचारलं, "म्हणजे हार्वर्ड, येल वगैरे? तिथे बास्केटबॉल खेळतात?" खेळतात हो. आणि येत्या ३ नोव्हेंबरला, २०२५-२६चा मोसम सुरू होईल तेव्हा, त्यांच्यासमोर एक असा प्रश्न असणार आहे जो तुमच्या-माझ्या घरातलाही आहे. म्हणून आज ही वीस मिनिटं.

आधी रचना समजून घेऊ. अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलच्या वरच्या श्रेणीत साडेतीनशेहून जास्त संघ आहेत. ते गटांत वाटलेले असतात, त्याला तिथे कॉन्फरन्स म्हणतात. आयव्ही लीग ही त्यातली एक. आठ विद्यापीठं: ब्राउन, कोलंबिया, कॉर्नेल, डार्टमथ, हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया म्हणजे पेन, प्रिन्स्टन आणि येल. प्रत्येकाने उरलेल्या सातांशी दोनदा खेळायचं, एकदा घरी, एकदा बाहेर. झाले चौदा सामने. पहिले चार संघ मार्चमध्ये एका शनिवार-रविवारी भिडतात, आणि तिथे जिंकणारा ६८ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत जातो. पुरुषांत या लीगमधून आजवर एकच संघ जात आलाय. म्हणजे दोन दिवसांत चूक झाली, की वर्ष संपलं.

आता या लीगचं वेगळेपण. १९५४ साली या आठ जणांनी करार केला की खेळाडू म्हणून कुणालाही शिष्यवृत्ती द्यायची नाही. घरची परिस्थिती बघून मदत मिळते, ती सगळ्याच विद्यार्थ्यांना मिळते. पण तू तीन गुणांचे फटके छान मारतोस म्हणून फी माफ, असं नाही. पदवी झाली की खेळही संपला. पदव्युत्तर विद्यार्थ्याला या लीगमध्ये खेळता येत नाही.

बाकीचं जग मात्र बदललं. २०२१पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून पैसे मिळवता येतात. कॉलेज बदलणंही सोपं झालं. आणि यंदा ६ जूनला एका मोठ्या खटल्यातली तडजोड न्यायालयाने मान्य केली, तिच्यामुळे विद्यापीठं आपल्या तिजोरीतून खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा एका विद्यापीठामागे सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. आयव्ही लीगने सांगितलं, आम्ही यात नाही.

त्याचा परिणाम बघा. डॅनी वुल्फ येलचा उंच खेळाडू. मार्च २०२४मध्ये येलने राष्ट्रीय स्पर्धेत ऑबर्नसारख्या बलाढ्य संघाला ७८-७६ने हरवलं, त्या संघात तो होता. नंतर तो मिशिगनला गेला, आणि २०२५मध्ये तिथून एनबीएच्या निवडीत पहिल्या फेरीत उचलला गेला. हार्वर्डचा मलिक मॅक जॉर्जटाउनला गेला. पेनचा टायलर पर्किन्स व्हिलानोव्हाला. आणि यंदा प्रिन्स्टनचा झेव्हियन ली फ्लोरिडाला, म्हणजे थेट गेल्या वर्षीच्या राष्ट्रीय विजेत्यांकडे.

माझा भाचा सतरा वर्षांचा आहे, माझ्याकडेच खेळतो. ली फ्लोरिडाला चालल्याची बातमी त्यानेच मला दाखवली. म्हणाला, "मावशी, बरोबरच केलं ना त्याने? चार वर्षं फुकट खेळून काय मिळणार होतं?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. का, ते शेवटी सांगते. आधी संघ बघू.

येलपासून सुरुवात करायला हवी. जेम्स जोन्स १९९९पासून तिथे प्रशिक्षक आहेत. गेल्या मोसमात लीगमधल्या चौदांपैकी तेरा सामने जिंकले आणि मार्चची स्पर्धाही. पण जॉन पुलाकिडस आणि बेझ म्बेंग हे दोघं पदवी घेऊन गेले. पुलाकिडसने ऑबर्नविरुद्ध २८ गुण केले होते, आणि म्बेंग समोरच्या संघाच्या सर्वोत्तम खेळाडूला गोचिडासारखा चिकटायचा. अशी जोडी एका उन्हाळ्यात भरून निघत नाही. तरी निक टाउनसेंड आहे. अंगाने दणकट, आणि बास्केटजवळ चेंडू मिळाला की घाई करत नाही. दोघं त्याच्यावर धावून आले की मोकळ्या सहकाऱ्याला बरोबर शोधतो. माझ्या मुलांना मी त्याचेच व्हिडिओ दाखवते. येलला मी पहिल्या दोनांत धरते.

कॉर्नेल गेल्या वर्षी अंतिम सामन्यात येलकडून ९०-८४ने हरलं. जॉन जॅक्स यांचं प्रशिक्षक म्हणून हे दुसरं वर्ष. २०१०मध्ये कॉर्नेलने राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या सोळांत धडक मारली, त्या संघात ते स्वतः खेळले होते. त्यांचा संघ पळतो. एकामागून एक ताजे खेळाडू आत येतात, समोरच्यांना श्वास घेऊ देत नाहीत. कूपर नोअर्ड आणि जेक फीगन परत आहेत. शिवाय मार्चचे ते दोन दिवस यंदा इथाकात, कॉर्नेलच्याच मैदानावर आहेत. अर्थात गेल्या वर्षी ती स्पर्धा ब्राउनच्या घरी होती आणि यजमान पहिल्या चारांतही आले नव्हते. मांडव आपला म्हणून नवरदेव आपला असं नसतं.

प्रिन्स्टनची गोष्ट अवघड आहे. प्रशिक्षक मिच हेंडरसन. १९९६मध्ये प्रिन्स्टनने गतविजेत्या यूसीएलएला ४३-४१ने हरवलं, त्या संघातले खेळाडू. त्यांच्याच हाताखाली २०२३मध्ये प्रिन्स्टनने अ‍ॅरिझोना आणि मिझुरीला घरी पाठवलं. आता ली गेला. दुसरा मोठा खेळाडू कॅडन पियर्स, २०२४चा लीगमधला सर्वोत्तम, त्याने वेगळंच ठरवलं. प्रिन्स्टनमध्येच राहायचं, पदवी पूर्ण करायची, पण हा मोसम खेळायचा नाही. उरलेलं एक वर्ष पदवीनंतर दुसऱ्या विद्यापीठात खेळायचं. नीट विचार करा. मुलाने शिक्षण सोडलं नाही आणि पैसेही सोडले नाहीत. सोडला तो संघ. त्याला नावं ठेवायला मला जागा सापडत नाही, पण प्रिन्स्टनच्या बाकावर ती रिकामी जागा दिसणारच. डेलन डेव्हिस आणि जॅक्सन हिकी यांच्यावर यंदा सगळा भार.

आता माझा यंदाचा आवडता संघ: पेन. गेल्या वर्षी पहिल्या चारांत नव्हता. मार्चमध्ये त्यांनी फ्रॅन मॅकॅफ्री यांना आणलं. ते पेनचेच माजी खेळाडू, आणि आयोवात पंधरा वर्षं प्रशिक्षक होते. त्यांचे संघ गुण करतात, भरपूर करतात. आणि टी. जे. पॉवर नावाचा खेळाडू ड्यूक आणि व्हर्जिनिया करून पेनला आलाय. लोक इथून तिकडे जातात, हा तिकडून इथे आला. इथॅन रॉबर्ट्सही आहे. ही मोट जमली तर जानेवारीत फिलाडेल्फियाच्या पॅलेस्ट्रात बसायला जागा मिळणार नाही. १९२७ची वास्तू आहे ती. पेन पहिल्या चारांत येईल असं मी आज लिहून देते, आणि येल-पेन अंतिम सामना झाला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

हार्वर्डमध्ये टॉमी अमाकर २००७पासून आहेत. जेरेमी लिन त्यांच्याच हाताखाली खेळून पुढे एनबीएत गेला. पण २०१५नंतर हार्वर्ड राष्ट्रीय स्पर्धेत गेलेलं नाही. रॉबर्ट हिंटन पहिल्याच वर्षी चमकला आणि तो थांबलाय, ही मोठी गोष्ट. चौथ्या जागेसाठी माझी पसंती हार्वर्डला.

डार्टमथ १९५९नंतर राष्ट्रीय स्पर्धेत गेलेलं नाही. पण गेल्या वर्षी ते लीगमध्ये तिसरे आले, आणि मार्चच्या त्या चारांत पहिल्यांदाच पोहोचले. याच संघाच्या मुलांनी मार्च २०२४मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी कामगार संघटना करायचं ठरवलं होतं. आम्ही विद्यापीठाचे कर्मचारी आहोत, असं त्यांचं म्हणणं. वर्षअखेरीस अर्ज मागे घेतला गेला, प्रश्न मागे गेला नाही. ब्राउनला किनो लिली गेल्यामुळे गुण कोण करणार हेच शोधावं लागेल.

आणि कोलंबिया. इथे मी तटस्थ नाही, बडोद्याची मुलगी तटस्थ कशी राहील? १९१३मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर याच विद्यापीठात शिकायला गेले. परत आल्यावर याच शहराने त्यांना राहायला खोली दिली नाही, हेही आम्ही विसरू नये. कोलंबियाचा संघ गेल्या वर्षी नोव्हेंबरात व्हिलानोव्हाला त्यांच्या घरी हरवून आला, आणि नंतर लीगमध्ये चौदांपैकी एकच सामना जिंकला. यंदा केव्हिन हव्डी नवे प्रशिक्षक आहेत. फ्लोरिडा राष्ट्रीय विजेते झाले तेव्हा तिथे सहायक होते. कोलंबिया १९६८नंतर राष्ट्रीय स्पर्धेत नाही आणि मार्चच्या चारांत एकदाही नाही. यंदा पाच सामने जिंकले तरी मी पेढे वाटेन. त्यांच्या मुलींचं मात्र उलट आहे. २०२५मध्ये मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धेत या लीगचे तीन संघ गेले, त्यात कोलंबिया होती. मुलींचे सामने बघा, जास्तच बघा.

आता भाच्याचं उत्तर.

मी विद्यापीठाकडून खेळत होते. शेवटच्या वर्षी आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि प्रात्यक्षिक परीक्षा एकाच आठवड्यात आल्या. परीक्षा पुढे घेता येईल का, म्हणून मी विचारायला गेले. उत्तर मिळालं, "खेळून पोट भरणार आहे का?" मी परीक्षा दिली. पास झाले, नोकरी लागली, पोट भरलं. स्पर्धेचा सामना मी पुन्हा कधी खेळले नाही. घरात कुणी वाईट वागलं नाही, सगळ्यांना माझं भलंच हवं होतं. पण दोन्ही जमेल असा रस्ता असू शकतो, असं त्या आठवड्यात मला एकाही माणसाने सांगितलं नाही.

म्हणून ही लीग मला धरून ठेवते. शुक्रवारी रात्री सामना, बसने प्रवास, शनिवारी दुसऱ्या गावी सामना, सोमवारी वर्ग. पण यात साठच्या पुढची माणसं वाटतात तेवढं सोज्वळपण नाही, हेही मला दिसतं. हॉल भरतो तो मुलांच्या घामावर. शिष्यवृत्ती न देण्याच्या कराराविरुद्ध ब्राउनच्या दोन खेळाडूंनी दावा लावला होता. २०२४मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. कायद्याचं कायद्याने बघितलं. मला विचाराल तर, ज्याच्या घरी कर्ज आहे त्या मुलाला "पैशांकडे बघू नकोस" असं सांगायचा अधिकार माझ्यासारख्या पगारदार बाईला नाही.

तेच मी भाच्याला सांगितलं. ली गेला ते बरोबर. टाउनसेंड थांबला तेही बरोबर. दोघांसमोर निवड होती, आणि ती त्यांनी स्वतः केली. तुझ्यासमोर ती यावी एवढंच मला बघायचंय. तो म्हणाला, "म्हणजे बारावीचा अभ्यास करू ना?" म्हटलं, कर. आणि उजव्या हातानेच ड्रिबल करतोस, डावाही वापर.

तर मित्रांनो, जानेवारीत लीगचे सामने सुरू होतील. तिकडे शुक्रवारी संध्याकाळी सातला चेंडू हवेत उडाला, की आपल्याकडे शनिवारचे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. गेल्या वर्षी मी एकटीच उठत होते. यंदा आमच्या घरी सात-आठ मुलं येणार आहेत, चादरी घेऊन. चहा माझा. सामना संपल्यावर सेव-उसळ, ती ज्याचा अंदाज चुकेल त्याची. मी येल, पेन, कॉर्नेल, हार्वर्ड अशी चौकडी लावली आहे. भाच्याने हार्वर्ड काढून डार्टमथ घातलंय.

तुम्ही जिथे असाल तिथे, इंदूरला, हैदराबादला, बेळगावला, तुमचे चार लिहून ठेवा. मार्चमध्ये बघू, उसळ कुणाच्या खात्यावर.