नागिणीचा विळखा आणि एक तोकडा रेणू

कमरेवर किंवा छातीच्या एका बाजूस पाणीदार पुळ्यांचा पट्टा उठून आग होऊ लागली की, नागीण झाली असे म्हटले जाते. तिचे तोंड व शेपूट जुळले की रोगी दगावतो, ही समजूत शिक्षकांच्या व पंचायत सदस्यांच्या कानावर अनेकदा आली असेल. ती सर्वस्वी निराधार आहे. कांजिण्या येऊन गेल्यावर त्यांचे विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षे सुप्त राहतात. तेच पुढे जागृत होतात. पट्टा बहुधा एकाच मज्जातंतूच्या क्षेत्रापुरता असल्याने विळखा सहसा पुरा होत नाही.

विषाणूंवर औषध शोधणे दीर्घकाळ दुरापास्त मानले जाई. विषाणू मानवी पेशीच्या यंत्रणेतच वाढतो. त्यास मारू जावे तर पेशीलाच इजा पोहोचते. अमेरिकेत बरोज वेलकम कंपनीतील हॉवर्ड शेफर, गर्ट्रूड एलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातून काढलेली वाट मोठी मनोज्ञ आहे. डीएनएची साखळी ज्या न्यूक्लिओसाइड घटकांपासून गुंफली जाते, त्या प्रत्येकात एक नत्रयुक्त बेस व एक शर्करा असते. संशोधकांनी ग्वानिन हा बेस कायम ठेवला; शर्करेच्या वलयाऐवजी मात्र एक उघडा, तोकडा दुवा जोडला. ग्वानिनमध्ये असा दुवा एकाहून अधिक नत्र-अणूंना चिकटू शकतो. तो नवव्या स्थानीच बसविणे ही संश्लेषणातील खरी कसोटी होय. हेच अ‍ॅसायक्लोव्हिर.

निरोगी पेशीत हा रेणू जवळजवळ निष्क्रिय असतो. त्यास पहिला फॉस्फेट गट जोडते ते विषाणूचेच थायमिडीन कायनेज हे विकर! उरलेले दोन गट पेशीतील विकरे जोडतात. मग अस्सल घटकाच्या जागी हा तोतया साखळीत शिरतो. परंतु पुढील कडी अडकविण्यास त्याला आकडाच नसतो. साखळी तेथेच खुंटते.

१९८२ साली अमेरिकेत या औषधास मान्यता मिळाली. डॉक्टरेट नसलेल्या एलियनबाई १९८८ च्या वैद्यकशास्त्रातील नोबेल पारितोषिकाच्या एक मानकरी ठरल्या.

हे औषध विषाणूची वाढ रोखते. मज्जातंतूस झालेली इजा भरून काढणे वा सुप्त विषाणू नष्ट करणे त्यास साधत नाही. म्हणून पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत ते सुरू होणे इष्ट असते, आणि नेमके हेच तास लेप व मंत्रतंत्रात निघून जातात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्रा कमी करावी लागते. सबब डॉक्टरांच्या सल्ल्याविना गोळ्या घेऊ नयेत. पुळ्या कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर वा डोळ्याभोवती उठल्यास दृष्टीस धोका संभवतो. अशा रोग्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेणे अगत्याचे आहे.