उसना रस्ता

श्रोतेहो, आज ज्या विषयावर मी आपल्याशीं बोलणार आहें तो कांहीं विद्वत्तेचा विषय नव्हे. सकाळीं घराबाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या तो मनांत असतो आणि संध्याकाळीं चहाचा पेला हातीं आला कीं तो तोंडीं येतो. "काय बेपर्वा माणसें आहेत हीं! गाडी चालवितात कीं लढाईवर निघाले आहेत?" असें आपण सारेच म्हणतों, आणि मौज अशी कीं, असें म्हणणारा प्रत्येकजण त्या माणसांतून स्वतःस वगळूनच बोलत असतो. मीहि कित्येक वर्षें असाच बोलत होतों. आतां मला तसें बोलवत नाहीं. कां, तें सांगण्यासाठींच हा प्रपंच.

नांदेडहून लातुरास जाणारा रस्ता आपणांपैकीं पुष्कळांच्या पायाखालचा आहे. लोहा, माळेगांव, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर अशीं गांवें घेत तो जातो. अंतर सुमारें १४० किलोमीटरांचें. लातूरच्या बाजारांत जाणारें सोयाबीन आणि तूर, शिकवणीसाठीं लातुरास निघालेलीं मुलें, नांदेडच्या दवाखान्यांत न्यावयाचे रोगी, हुजूर साहेबांच्या दर्शनास निघालेले यात्रेकरू, असे सारेजण याच रस्त्यानें जातात. गळीत हंगाम सुरू झाला म्हणजे यांत उंसानें लादलेल्या ट्रॅक्टरांची भर पडते. एकामागें एक दोन ट्रॉल्या, त्यांच्या बाहेर हातभर लोंबणारा ऊंस, आणि बैलगाडीहून फारसा अधिक नाहीं असा वेग.

या रस्त्यावर तीन प्रकारचे महाभाग हटकून भेटतात. पहिला आपल्या पाठीला चिकटून येतो, भोंगा वाजवितो, डिपर देतो. समोर जागा नाहीं हें त्याला आपल्याइतकेंच दिसत असतें, परंतु भोंग्याच्या आवाजानें रस्ता रुंद होतो अशी त्याची श्रद्धा असते. दुसरा जिवावर उदार होऊन आपणांस ओलांडतो, कट मारून पुढें घुसतो, आणि शंभर पावलांवर चहाच्या टपरीपाशीं गाडी थांबवितो! तिसरा सर्वांत नामी. तो स्वतः रमतगमत चाललेला असतो. पण कोणी त्याला ओलांडूं लागला कीं त्याचा स्वाभिमान जागा होतो आणि तो एकाएकीं वेग वाढवितो. वाहन चालविण्याच्या नियमांत या तिसऱ्याची आठवण मुद्दाम ठेवलेली आहे. ज्याला ओलांडलें जात आहे त्यानें वेग वाढवूं नये आणि ओलांडणाऱ्यास अडथळा करूं नये, असा स्पष्ट नियम आहे.

या तिघांची यादी मीं पुष्कळ वेळां मित्रमंडळींत रंगवून सांगितली आहे. चौथा प्रकार मात्र मीं कधीं सांगितला नव्हता. तो आज सांगतों.

सुमारें दहा वर्षांपूर्वींची गोष्ट. रस्ता तेव्हां दुपदरी होता. मार्गशीर्षाचा अखेरचा आठवडा, माळेगांवच्या खंडोबाची यात्रा भरलेली. एक लग्न आटोपून आम्ही लातुराहून भाड्याच्या मोटारीनें नांदेडास परतत होतों. अहमदपूर मागें पडलें, दिवेलागण झाली, आणि समोर उंसाचा ट्रॅक्टर आला. मागच्या ट्रॉलीला दिवा नाहीं, चकाकणारी पट्टीहि नाहीं. त्याच्या मागें आम्ही चारपांच मिनिटें गेलों असूं. ड्रायव्हर तरुण मुलगा होता, तो बिचारा शांत होता. अस्वस्थ झालों होतों तो मी.

"काका, काढूं का पुढं?" त्यानें विचारलें. "समोर उजेड दिसायलाय जरा."

"काढ कीं, बाबा," मी म्हणालों. "याच्या मागं कुठवर जायचं?"

त्यानें गाडी काढली. समोरून आलेला उजेड एका मोटारसायकलचा होता. तिच्यावर नवरा, बायको आणि दोघांच्या मध्यें एक लहान मूल होतें. आमची गाडी त्यांच्या अंगावर येतांना पाहून त्या माणसानें मोटारसायकल रस्त्याखालीं घातली. साइडपट्टी खचलेली होती; गाडी आडवी झाली. आम्ही निसटलों. मागच्या कांचेतून मीं पाहिलें. तो माणूस उठून उभा राहिला होता, त्या बाईनें मूल छातीशीं धरलें होतें, आणि ट्रॅक्टरच्या दिव्यांच्या उजेडांत रस्त्यावर पिवळें कांहींतरी सांडलेलें दिसत होतें. तीं माणसें यात्रेहून परतत होतीं. तो भंडारा होता.

"अहो, थांबायला सांगा ना," मागून माझी पत्नी म्हणाली.

"उठलेत ते. कांहीं झालेलं नाहीं," मी म्हणालों, आणि आम्ही थांबलों नाहीं.

श्रोतेहो, मला त्या संध्याकाळीं कोठें पोंचावयाचें होतें? ना दवाखान्यांत, ना कचेरींत. घरीं ताटावर बसावयाचें होतें, एवढेंच!

नंतर मीं कागद घेऊन हिशेब केला. ताशी २० किलोमीटर वेगानें जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागें दोन किलोमीटर जावें लागलें तर सहा मिनिटें लागतात. तेंच अंतर ताशी ६० च्या वेगानें दोन मिनिटांत कापलें असतें. म्हणजे नुकसान चार मिनिटांचें. आतां दुसरी बाजू पाहूं. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं १९२७ सालीं देशांतील रस्त्यांविषयीं एक समिति नेमली गेली होती. तिच्या शिफारशींतून १९३४ सालीं इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था जन्मास आली. आपल्या रस्त्यांची मापें हीच संस्था ठरविते. तिचें गणित सांगतें कीं, ताशी ८० किलोमीटर वेगाच्या दुपदरी रस्त्यावर सुरक्षितपणें पुढें जाण्यास समोरचा सुमारें ४७० मीटर रस्ता डोळ्यांस दिसला पाहिजे. आणि समोरचेंहि वाहन त्याच वेगानें येत असेल, तर तें सबंध अंतर साडेदहा सेकंदांत संपतें. एखादा श्लोक सावकाश म्हणावा तेवढाच हा वेळ. अंधारांत, समोरच्या दिव्यानें डोळे दिपलेले असतांना, हें अंतर कोण मापणार? "उजेड दिसायलाय जरा" असें म्हणणाऱ्या त्या मुलाला तें मापतां आलें नाहीं, आणि मीं तर मापण्याचा प्रयत्नहि केला नाहीं.

परंतु मला खरी बोंचली ती गोष्ट अंकांची नव्हे. दुपदरी रस्त्याचा डावा भाग आपला असतो. उजवा भाग समोरून येणाऱ्याचा असतो. पुढें जाण्यासाठीं आपण उजवीकडे जातों तेव्हां आपण तो भाग उसना घेतों. आणि ज्याचा तो आहे त्याला विचारतहि नाहीं. शेजारच्या घरून वाटीभर साखर आणावयाची तर आपण दारांत उभे राहून हांक मारतों. येथें मात्र एका अनोळखी माणसाचा जीव चार मिनिटांसाठीं न विचारतां उचलतों, आणि तो सुखरूप परत गेला तर त्याला आपलें कौशल्य म्हणतों.

बार्शी लाईट रेल्वेची अरुंद मापाची गाडी १९११ सालीं लातुरापर्यंत आली. ज्या मार्गावर रूळ एकेरी असतात तेथें रेल्वेची जुनी रीत अशी कीं, पुढच्या स्टेशनपर्यंतचें टोकन ड्रायव्हरच्या हातीं पडल्याशिवाय गाडी हलावयाची नाहीं. एका वेळीं एकच टोकन बाहेर निघे, म्हणून समोरासमोर दोन गाड्या येण्याची भीति नसे. आपण ओव्हरटेक करूं लागतों तेव्हां दुपदरी रस्त्याचा तेवढा भाग एकेरी होतो. परंतु टोकन देणारा स्टेशनमास्तर तेथें नसतो. तें टोकन आपलें आपणांसच द्यावयाचें असतें. स्वतःच स्वतःस नाहीं म्हणणें आपणांस जड जातें, आणि सारी अडचण तेथेंच आहे.

माझ्या लहानपणीं आमच्या गांवाकडे अरुंद गाडीवाटेवर दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर रिकामी गाडी बाजूला होई आणि भरलेलीला वाट देई. कोणी तसा कायदा केला नव्हता. ज्याचें ओझें जड त्याला त्रास कमी व्हावा, इतकी साधी ती समजूत होती. आज जो जड, वेगवान आणि मोठ्या आवाजाचा असेल त्याला हलक्यानें वाट द्यावी, अशी उलटी रीत पडली आहे. ट्रकपुढें मोटार दबते, मोटारीपुढें मोटारसायकल दबते, आणि पायीं चालणाऱ्यानें कोणाला दबवावें?

यावर कोणी म्हणेल कीं, ट्रॅक्टरवाल्याचा कांहींच दोष नव्हता काय? होता. मागें दिवा नसणें, जागा असून साईड न देणें, ऊंस बेताल लादणें हे दोषच आहेत आणि त्यांसाठीं दंड झालाच पाहिजे. पण त्याचा दोष माझ्या खात्यांतून वजा होत नाहीं. दुसरा कोणी म्हणेल, रस्ते रुंद करा म्हणजे झालें. आपला रस्ता आतां रुंद झाला आहे, मध्यें दुभाजक आला आहे, आणि त्याचा लाभहि मोठा आहे. परंतु वळण घेण्याची जागा लांब पडते म्हणून त्याच रुंद रस्त्यावर उलट्या दिशेनें येणारी माणसें आपण पाहतोंच. शिवाय कंधार, मुखेड, निलंगा या भागांत आडरस्त्यांनीं जातांना वाट अरुंदच असते. रस्ता रुंद करणें सरकारच्या हातीं आहे. मन रुंद करण्याचें कंत्राट कोणास देतां येत नाहीं.

कायद्यानेंहि आपलें काम केलेलें आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं सुधारणा झाली, आणि नियम मोडून ओव्हरटेक करणें हें धोक्याच्या वाहन चालविण्यांत स्पष्टपणें घातलें गेलें. पहिल्याच गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद, किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरीहि २०२२ या एका वर्षांत भारतांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें अपघातांत दगावलीं. त्यांपैकीं १५,२२४ आपल्या महाराष्ट्रांतलीं. हीं सारीं ओव्हरटेकनें गेलीं असें मी म्हणत नाहीं. पण यांतील किती घरांतून कोणी तरी चार मिनिटांच्या घाईपायीं गेलें असेल, हा विचार मला स्वस्थ बसूं देत नाहीं.

म्हणून, श्रोतेहो, आज मी चालकांस उपदेश करीत नाहीं. माझें मागणें तुमच्या आमच्यासारख्या मागच्या आसनावर बसणाऱ्यांजवळ आहे. भाडें आपण देतों, घाई आपण करतों, आणि दोष मात्र ड्रायव्हरला देतों. तो मुलगा मला विचारीत होता. त्यानें टोकन माझ्या हातीं दिलें होतें, आणि मीं तें न पाहतां परत केलें. आपल्या घरांतली मुलें गाडी चालवूं लागतील तेव्हां तीं आपलें भाषण आठवणार नाहींत. आपण मागें बसून काय बोलत होतों, तेंच त्यांच्या कानांत राहील.

त्या कुटुंबाचें नांव मला ठाऊक नाहीं, गांव ठाऊक नाहीं. त्यांची क्षमा मागावी तर कोठें जावें हेंहि ठाऊक नाहीं. मात्र तेव्हांपासून समोर गाडी आली आणि ड्रायव्हरनें "काढूं का?" म्हणून विचारलें, कीं मी एकच उत्तर देतों. त्या संध्याकाळीं तें दिलें असतें तर कोणाचा भंडारा मातींत सांडला नसता. तें उत्तर फक्त दोन शब्दांचें आहे: "राहूं दे."