पर्यावरण आणि काउंटरवरची माणसं
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



मी एका मोठ्या किराणा दुकानाच्या मनुष्यबळ विभागात आहे. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड, दुसऱ्याला १०,०००. कायदा मंत्रालयातून आला, पण पाळायचा कोणी? काउंटरवरच्या मुलीनं! "एक पिशवी द्यायला काय जातं तुमचं?" ही गिऱ्हाइकांची बोलणी तीच खाते.

म्हणून आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. पिशवी, पुठ्ठा, ओला कचरा यांचं काय करायचं, हे कामाच्या पहिल्याच दिवशी शिकवायचं. वाद झाला, तर सुपरवायझरनं तिच्या बाजूनं उभं राहायचं. आणि पगारवाढ ठरवताना नुसती विक्री नाही, वाया गेलेला मालही बघायचा. आधी आलेला माल पुढे मांडला की नासाडी कमी होते. पण ही सवय लागलेला माणूस टिकला, तरच.

मंडळी, पर्यावरण नुसत्या फलकानं वाचत नाही. ते राखणाऱ्या माणसाला मान द्यावा लागतो. उद्या दुकानात जाताना कापडी पिशवी न्या, आणि पिशवी नाकारणाऱ्या मुलीवर आवाज चढवू नका, एवढीच विनंती.