संगणकावरील पत्रांचें जतन

घरांतील पत्रें सांभाळण्याची पूर्वीं एक ठरलेली रीत असे. नेहमींचीं पत्रें भिंतीवरच्या तारेंत ओवलेलीं असत. महत्त्वाचे कागद रुमालांत बांधून फडताळांत ठेवीत. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील कागदहि असेच रुमालांत बांधलेले आहेत. वाळवी, पाऊस आणि आग हे या कागदांचे उघड शत्रु होते, आणि त्यांपासून राखण कशी करावी हें घरांतील वडीलधाऱ्यांना ठाऊक होतें. आतां घरचा पत्रव्यवहार ई-मेलनें चालतो. या पत्रांना वाळवी लागत नाहीं, म्हणून त्यांना कशाचेंच भय नाहीं, असा समज सुशिक्षित घरांतूनहि पसरलेला आढळतो. तो खरा नाहीं.

उदाहरणादाखल दादरच्या एका सेवानिवृत्त शिक्षकांची कल्पना करावी. भारतांत सामान्य नागरिकांस इंटरनेट मिळूं लागलें तें १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमाच्या द्वारें. या शिक्षकांची मुलगी १९९८ सालीं लग्न होऊन टोरांटोस गेली आणि तिचीं पत्रें घरच्या संगणकावर येऊं लागलीं. त्या काळीं टेलिफोनच्या तारेवरून जोडणी होई व मिनिटांचा हिशेब लागे. म्हणून पत्रें संगणकांत उतरवून घ्यावयाचीं, जोडणी तोडावयाची आणि मग तीं सावकाश वाचावयाचीं, असा क्रम असे. या पद्धतीस पॉप म्हणतात. पत्र घरीं उतरलें कीं दूरच्या सर्व्हरवरील त्याची प्रत बहुधा पुसली जाई. अर्थात् मुलीच्या पहिल्या कांहीं वर्षांचीं पत्रें एकाच ठिकाणीं उरलीं : घरच्या जुन्या संगणकाच्या हार्ड डिस्कवर.

पुढें काळ बदलला. मार्क क्रिस्पिन यांनीं १९८६ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांत आयमॅप नांवाची दुसरी पद्धति योजिली होती. ती आतां सर्वत्र रूढ झाली आहे. हिच्यांत पत्र सर्व्हरवरच राहतें आणि घरच्या संगणकांत त्याचें प्रतिबिंब दिसतें. येथेंच पुष्कळांची फसगत होते. पत्र संगणकावर दिसतें, मोबाईलवरहि दिसतें, म्हणजे आपणांजवळ दोन-तीन प्रती आहेत असें त्यांस वाटतें. परंतु आरशासमोरची वस्तु उचलली कीं आरशांतलीहि जाते. एका ठिकाणीं पुसलेलें पत्र सर्व ठिकाणांहून पुसलें जातें. जीमेलच्या कचरापेटींत तें ३० दिवस राहतें. त्यानंतर तें कायमचें जातें.

मोठ्या कंपन्यांनाहि हा धडा शिकावा लागला आहे. २०११ च्या फेब्रुवारीअखेर जीमेलच्या साठवणुकींत केलेल्या एका सुधारणेंतील दोषामुळें शेंकडा सुमारें ०.०२ ग्राहकांचीं पत्रें एकाएकीं दिसेनाशीं झालीं. त्या पत्रांच्या प्रती अनेक केंद्रांत होत्या. पण त्या सर्व एकाच यंत्रणेंत गुंतलेल्या असल्यानें दोष त्यांसहि पोहोंचला. शेवटीं उपयोगी पडल्या त्या चुंबकीय फितींवर अलग काढून ठेवलेल्या प्रती. त्यांवरून पत्रें परत आणण्यांत आलीं. खरी प्रत ती, जी मूळ वस्तूपासून तोडून ठेवलेली असते.

आतां त्या शिक्षकांनीं काय करावें? थंडरबर्डमध्यें सर्व पत्रें ‘प्रोफाईल’ नांवाच्या एका फोल्डरांत असतात. प्रोग्राम पूर्णपणें बंद करून तें संपूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावें. प्रोग्राम चालूं असतां केलेली नक्कल अर्धवट निघण्याचा संभव असतो. जुन्या धर्तीच्या आउटलुकमध्यें पत्रें पीएसटी फाईलींत असतात, ती उतरवून घ्यावी. मात्र ओएसटी फाईल ही केवळ सर्व्हरची छाया होय; तिच्यावर विसंबूं नये. जीमेलमधील पत्रें गूगलच्या टेकआउट सेवेंतून एमबॉक्स स्वरूपांत मागवितां येतात. अशा दोन प्रती कराव्या, त्या पासवर्डानें कुलुपबंद कराव्या, आणि त्यांपैकीं एक नातलगाच्या घरीं ठेवावी. एकाच कपाटांतील दोन डिस्का चोराला किंवा आगीला एकच असतात.

येथवर पुष्कळ लोक येतात आणि थांबतात. परंतु प्रत करणें हें अर्धें काम आहे. ती प्रत परत उघडून पाहणें हें उरलेलें अर्धें. पूर्वीं पोथीची नक्कल झाल्यावर ती मूळ पोथीशीं ताडून पाहत. तेंच येथें करावयाचें. वर्षांतून एकदां, दुसऱ्या संगणकावर, इंटरनेट तोडून, ती प्रत उघडावी. इंटरनेट तोडणें आवश्यक आहे, कारण आयमॅपचें खातें उघडतांच सर्व्हरशीं मेळ घालूं लागतें, आणि सर्व्हरवर पत्र नसेल तर प्रतींतूनहि तें काढून टाकतें. जीं पत्रें कायम ठेवावयाचीं तीं म्हणूनच थंडरबर्डच्या ‘लोकल फोल्डर्स’मध्यें हलवावीं. परत आणलेलीं पत्रें चालूं पत्रांवर कधींहि लादूं नयेत; त्यांस वेगळें फोल्डर द्यावें. मग प्रत्येक फोल्डरांतील पत्रांची संख्या मुळाशीं ताडावी; एक अगदीं जुनें, एक छायाचित्र जोडलेलें आणि एक मराठींतील पत्र उघडून वाचावें.

मराठी पत्राचा उल्लेख सहेतुक आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं मराठी मजकूर ‘शिवाजी’सारख्या फाँटांत लिहीत. तो फाँट संगणकांत नसेल तर पत्र शाबूत असूनहि निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. त्या शिक्षकांच्या मुलीनें परदेशांतील पहिल्या दिवाळीस लिहिलेलें पत्र असेंच असेल, तर त्याबरोबर फाँटाची फाईलहि जपली पाहिजे. ही उणीव मूळ संगणक चालूं असतां कळली तर फाँट त्याच्यांतून काढून घेतां येतो; तो बंद पडल्यावर कळली तर केवळ हळहळ उरते.

या साऱ्या खटाटोपास वर्षांतून एक दुपार लागते. तहान लागल्यावर विहीर खणूं नये हें सर्वांना पाठ आहे. पण खणलेल्या विहिरीस पाणी आहे कीं नाहीं हेंहि तहान लागण्यापूर्वींच पाहावें लागतें. ज्यांच्या घरीं असा जुना संगणक कोपऱ्यांत झांकून ठेवलेला असेल, त्यांनीं तो चालतो आहे तोंच एकदां उघडून पाहावा.