सिकंदराचा आरसा



एखाद्याचें दैव जोरावर असलें, कीं आपण मराठींत सहज म्हणतों, ‘त्याचें नशीब सिकंदर आहे.’ मॅसिडोनियाचा हा राजा ख्रिस्तपूर्व ३२३ मध्यें, वयाच्या तेहतिसाव्या वर्षीं, बाबिलोन नगरींत वारला. महाराष्ट्राला त्याचे पाय कधीं लागले नाहींत. तरी त्याचें नांव आपल्या बोलण्यांत येऊन बसलें आहे. तें आलें मुख्यतः फारशी भाषेच्या वाटेनें, आणि त्या भाषेंत तें जिवंत ठेवलें कवींनीं. अशा एका कवीच्या काव्याची सचित्र आणि सुवर्णमंडित पोथी आज आपल्यापुढें ठेवावयाची आहे.

काव्याचें नांव ‘आईना-इ-सिकंदरी’, म्हणजे सिकंदराचा आरसा. कवि अमीर खुस्रो. इ. स. १२५३ मध्यें जन्मलेला आणि १३२५ मध्यें दिल्लीस निवर्तलेला हा कवि हिंदुस्थानचाच. त्याच्या पूर्वीं सुमारें शंभर वर्षें, गंजा नगरींतील निजामी कवीनें पांच दीर्घ काव्यें रचिलीं होतीं. त्यांच्या समूहाला ‘खम्सा’, म्हणजे पंचक, असें म्हणतात. त्यांतील एक सिकंदरावर आहे. खुस्रोनें निजामीला गुरुस्थानीं मानून त्या प्रत्येक काव्याला आपल्या काव्यानें उत्तर दिलें. ‘आईना’ हिजरी ६९९, म्हणजे इ. स. १२९९-१३०० मधला. वीरकाव्याची परंपरा जपून त्यानें वृत्त घेतलें तें ‘मुतकारिब’. एक लघु आणि दोन गुरु अशा गणांचें. शेवटच्या गणांतला एक गुरु तेवढा सुटतो. एरवीं तें आपलें भुजंगप्रयातच. समर्थांचे मनाचे श्लोक ज्यांनीं लहानपणीं म्हटले असतील, त्यांच्या कानाला, फारशीचें एक अक्षर न येतांहि, ही चाल ओळखीची वाटेल.

काव्य ज्याला अर्पण झालें त्याचीहि ओळख महाराष्ट्राला करून द्यावयास नको. तो अल्लाउद्दीन खिलजी. १२९६ मध्यें तो देवगिरीवर अकस्मात् चालून आला, रामदेवराव यादवाकडून अपार द्रव्य घेऊन गेला, आणि त्याच वर्षीं आपल्या चुलत्याचा घात करवून दिल्लीच्या तख्तावर बसला. आपल्या नाण्यांवर त्यानें स्वतःस ‘सिकंदर-उस्-सानी’, दुसरा सिकंदर, असें म्हणविलें. बरनी या इतिहासकारानें सांगितलें आहे, कीं सुलतानाच्या मनांत खरोखरच जग जिंकण्यास निघावें असें आलें होतें. तेव्हां दिल्लीचा कोतवाल अलाउल्मुल्क, जो बरनीचा चुलता होता, त्यानें विचारलें, कीं सिकंदरापाशीं अरस्तूसारखा मंत्री होता. आपल्यापाशीं तसा कोण आहे? आपण दूर देशीं गेल्यावर मागें राज्य कोण सांभाळील? सुलतानानें तो बेत सोडला. कोतवालाचें धैर्य मोठें. पण प्रश्न ऐकून घेणाऱ्याचेंहि थोडें श्रेय मानलें पाहिजे.

म्हणजे स्वतःच सिकंदर होऊं पाहणारा धनी समोर बसला असतां कवीनें सिकंदराचें काव्य लिहिलें. त्यांत चीनच्या खाकानाशीं झालेलीं तुंबळ युद्धें आहेत, विजय आहेत, स्तुति तर आहेच. परंतु काव्य तेथें संपत नाहीं. सारी पृथ्वी जिंकून झाल्यावर हा राजा ज्ञानाच्या मागें लागतो. तत्त्ववेत्त्यांच्या दारीं जातो, आणि अखेरीस समुद्राच्या पोटांत काय आहे तें पाहावयास निघतो. त्यानंतर उरतो तो मृत्यु. नांव ‘आरसा’ ठेवण्यांत कवीचा काय हेतु असावा, याचा तर्क श्रोत्यांनींच करावा.

आतां पोथीकडे वळूं. खुस्रोनंतर जवळजवळ तीनशें वर्षांनीं, १५९७-९८ मध्यें, लाहोरास अकबर बादशहासाठीं त्याच्या पंचकाची एक प्रत सिद्ध झाली. अक्षर काश्मीरच्या मुहम्मद हुसेनाचें. बादशहानें त्याला ‘जर्रीं कलम’, म्हणजे सुवर्णलेखणी, अशी पदवी दिली होती. सोन्याचा वर्ख खलून, त्यांत डिंक मिसळून, त्याची शाई करावी. कुंचल्यानें ती लावावी. मग गुळगुळीत दगडानें घोटून तिला झळाळी आणावी, असें हें नाजूक काम. तें करणाऱ्यांना नक्काश आणि मुजहिब म्हणत. या पोथीच्या नक्काशांत हुसेन, मन्सूर, शिराजचा ख्वाजा जान आणि लुत्फुल्ला हीं नांवें आढळतात. चित्रकारांत लाल, मनोहर, सांवला, फर्रुख, मिस्कीन, धर्मदास, नरसिंग, जगन्नाथ, मुकुंद, सूरदास गुजराती. एका मुसलमान बादशहाच्या फारशी काव्याला रंग देणारे इतके हात हिंदूंचे होते, ही गोष्ट नुसती यादी वाचूनच ध्यानांत येते.

‘आईना’मधील दोन चित्रें विशेष पाहण्यासारखीं आहेत. एक बसावन या थोर चित्रकाराचें मानलें जातें. अफलातून, म्हणजे प्लेटो, हा ज्ञानी पुरुष डोंगरांतील गुहेंत राहतो, आणि जगज्जेता सिकंदर त्याच्या भेटीस आला आहे. प्रसंग ग्रीसचा, पण गुहेंतला तो वृद्ध आपल्या एखाद्या तपस्व्याची आठवण करून देतो. बोलावणें पाठवून अफलातूनाला दरबारांत आणलेलें नाहीं. राजाच चालत आला आहे.

दुसरें चित्र मुकुंदाचें. कांचेच्या एका मोठ्या पात्रांत बसून सिकंदर समुद्रांत उतरत आहे. भोंवतीं नावा आहेत, माणसांची गर्दी आहे. पात्र दोरांनीं खालीं सोडलें जात आहे, आणि ते दोर वर नावेंतल्या माणसांच्या हातांत आहेत. ज्याच्या एका शब्दानें सैन्यें चालत, त्याचा जीव या घटकेला त्या दोरावर आणि तो धरणाऱ्यांच्या इमानावर टांगला आहे. मुकुंदाच्या मनांत हा अर्थ होता कीं नव्हता, हा वाद मी घालीत नाहीं. चित्रांत तो उघड दिसतो, एवढेंच म्हणतों.

आतां एक अवघड प्रश्न. पोथी तयार होत असतां बादशहाच्या फौजा कोठें होत्या? १५९५ च्या अखेरीस शाहजादा मुराद यानें अहमदनगरास वेढा घातला. चांदबिबीनें तो नेटानें परतविला. तरी १५९६ मध्यें वऱ्हाड देऊन तह करावा लागला. १६०० मध्यें चांदबिबी तिच्याच लोकांकडून मारली गेली आणि किल्ला पडला. म्हणजे मूळ काव्याच्या मागें देवगिरीची लूट आहे, आणि या पोथीच्या मागेंपुढें अहमदनगरचा वेढा. ज्यांच्या भूमीवर हे दोन्ही आघात झाले त्या आपण, या सोन्याकडे कोणत्या नजरेनें पाहावें?

द्वेषानें पाहूं नये, असें माझें नम्र मत आहे. भुलूनहि पाहूं नये. सोनें कोठून आलें याचा विसर पडूं न देतां, त्या सोन्यानें काय लिहिलें गेलें तें वाचावें. विजेत्यांनीं स्वतःसाठीं करविलेल्या या पोथींत विजयालाच विचारलेला प्रश्न आहे. खुद्द बादशहा, ज्याला रोज ग्रंथ वाचून दाखविले जात, तो या पानांवर सिकंदराला गुहेच्या दारीं आणि दोराच्या टोकाला पाहूं शकत होता. त्यानें त्याच्या मोहिमा थांबल्या नाहींत, हें खरें. ग्रंथ तलवार थांबवीत नाहींत. ते तिचा हिशेब तेवढा ठेवतात.

पोथीचें पुढें काय झालें? ती फुटली. तिचा मोठा भाग, एकवीस चित्रांसह, आज अमेरिकेंत बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयांत आहे. वर सांगितलेलीं दोन्ही चित्रें न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत आहेत. १९१३ मध्यें तीं तेथें देणगी म्हणून देणाऱ्या गृहस्थाचें नांव अलेक्झांडर स्मिथ कॉक्रन. म्हणजे तोहि नांवानें सिकंदरच! खिलज्यांचें राज्य गेलें, मोगलांचेंहि गेलें. मुकुंदानें काढलेले ते दोर मात्र अजून ताणलेले आहेत, आणि ते धरणाऱ्यांनीं अद्याप हात सोडलेला नाहीं.