शिंपल्याची साक्ष



कोकणात आपण तिसऱ्या खातो आणि कवच फेकून देतो. आज अशाच एका कवचाची साक्ष ऐकू या.

2006 साली आइसलँडजवळच्या समुद्रातून शास्त्रज्ञांनी एक शिंपला काढला. झाडाच्या खोडाप्रमाणे या जातीच्या कवचात दरवर्षी एक रेघ उमटते. रेघा मोजल्या, तर वय निघाले 507 वर्षे! जन्म 1499 चा, पानिपतच्या पहिल्या लढाईच्या 27 वर्षे आधीचा.

कवचात ऑक्सिजनचे हलके आणि जड अणू असतात. पाणी थंड असेल तर जड अणूंचे प्रमाण वाढते. म्हणजे प्रत्येक पट्टीत त्या वर्षाच्या पाण्याची नोंद राहते. जिवंत आणि मृत शिंपल्यांच्या पट्ट्या एकमेकींशी जुळवत संशोधकांनी हजार वर्षांची साखळी जोडली.

2016 साली तिचा निष्कर्ष आला. पूर्वी सूर्य आणि ज्वालामुखी यांच्या प्रभावाने आधी समुद्र बदलायचा, मग हवा. 1800 नंतर हा क्रम उलटला. आता हवा आधी बदलते, समुद्र तिच्या मागे जातो. कारण आपण हवेत सोडलेले हरितवायू.

सूरह रहमानमध्ये मीजानचा, म्हणजे समतोलाचा उल्लेख आहे. तो बिघडवू नका, अशी ताकीदही आहे. अरबी समुद्रही तापतो आहे, आणि त्यावर आपल्या मच्छीमार बांधवांची रोजी अवलंबून आहे. म्हणून मुलांनो, विज्ञान शिका. साक्ष समोर असताना गप्प बसणे हा अमानतीत खयानतच आहे.