जुनी वेगवान गाडी, नवे टायर



बोईसर-तारापूरच्या एखाद्या सोसायटीत
जुनी होंडा सिटी व्हीटेक अजून दिसते.
मालक तिला जिवापाड जपतो.
रविवारपुरती बाहेर काढतो.
त्यामुळे टायरची नक्षी शाबूत राहते.
रबर मात्र वर्षांगणिक कडक होत जातं.

कडक रबर ओल्या रस्त्यावर पकड सोडतं.
आणि पालघरचा पाऊस काय असतो, ते तुम्हाला मी सांगायला नको!

म्हणून टायर घेताना आधी तारीख वाचा.
टायरच्या कडेला, लंबगोलात, चार आकडे असतात.
समजा, २३२५.
म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा.
दुकानात वर्षानुवर्षं पडून असलेला टायर स्वस्तात मिळेल.
तो घेऊ नका.

आता माप.
ते गाडीच्या पुस्तिकेतलंच ठेवा.
जास्त रुंद टायर झोकदार दिसतो, पण साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो.
मापाशेजारचं इंग्रजी अक्षर वेगाचं.
एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर.
मनोरच्या हायवेवर एवढा वेग कुणी गाठू नये, हे उघडच आहे.
तरीही कंपनीने सांगितल्यापेक्षा खालचं अक्षर नको.
कारण ते टायर किती उष्णता सोसेल, हेही सांगतं.

दोनच टायर बदलताय?
मग नवे मागच्या चाकांना लावा.
दुकानात कुणी पुढे लावा म्हणेल.
पण पावसात मागची चाकं घसरली, की गाडी गरकन फिरते.
ती सावरणं फार अवघड.

आणि हो, डिकीतली स्टेपनी!
तिचीही तारीख वाचा.